बोर्डाला मेल टाकू का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की क्रिकेट बोर्डाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर पत्रांचा अक्षरशः ढीग लागला. अर्ध्या पत्रांत नुसत्या शिव्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या (दोन-तीन फर्मास होत्या पण छापता येणार नाहीत). उरलेल्यातले हे काही प्रश्न. नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांची पोरं अजून खेळतायत आणि जिल्ह्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, लेगस्पिन टाकतो, सगळे म्हणतात हात चांगला आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. बीसीसीआयला त्याचा व्हिडिओ मेल केला तर बघतील का? एक जण बोर्डात ओळख आहे म्हणतो, पण पैसे मागतो. – एक आई, जालना जिल्हा

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बोलू. त्या माणसाला एक रुपया देऊ नका, आणि परत आला तर चहासुद्धा विचारू नका. सिलेक्शनसाठी पैसे भरायचे असा कुठलाही नियम नाही, ना बोर्डाचा ना राज्य संघटनेचा.

आता मेलचं. टाकायचा तर टाका, बिघडत काही नाही, पण उत्तराची वाट बघत बसू नका, कारण १३ वर्षांच्या मुलाशी बोर्डाचा थेट संबंधच येत नाही. आपल्याला वाटतं बोर्ड म्हणजे एक मोठी शाळा आणि आपण तिथे ॲडमिशन घ्यायची. तसं नाहीये. बोर्ड म्हणजे राज्य संघटनांनी मिळून केलेली संस्था, डिसेंबर १९२८ मध्ये झाली, आणि तिचे सभासद खेळाडू नसतात, संघटना असतात. मुलगा आधी क्लबचा, मग जिल्ह्याचा, मग राज्याचा, आणि तिथून पुढे बोर्डाच्या नजरेत. बोर्डाच्या मुलांच्या स्पर्धा सुरू होतात अंडर-१६ पासून, विजय मर्चंट ट्रॉफी, मग अंडर-१९ ची कूचबिहार आणि विनू मंकड, मग अंडर-२३ ची सी. के. नायडू, आणि मग रणजी, म्हणजे राज्यांच्या मोठ्या टीमची स्पर्धा. या मॅचचं टाइमटेबल, अंपायर, मॅच रेफ्री, मॅच फी हे बोर्ड बघतं. त्याच्या खालचं सगळं, म्हणजे अंडर-१४, जिल्ह्याजिल्ह्यांच्या मॅच, तुमच्या पोराचा बॉल पहिल्यांदा कोण बघणार, हे संघटनेच्या हातात.

जालना येतं पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली. तेव्हा पहिलं काम म्हणजे जिल्हा संघटनेचा सेक्रेटरी कोण ते शोधा, प्रत्यक्ष भेटा, ट्रायलची नोटीस कुठे लागते ते विचारा, आणि ज्या क्लबची पोरं जिल्ह्याकडून खेळतात त्या क्लबात मुलाला घाला. मी हे एवढं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. कॉलेजात असताना मी एका जिल्ह्याच्या ट्रायलला गेलो होतो, पहाटेची एसटी पकडून, मित्राचे पॅड मागून, आणि तिथे पोचल्यावर कळलं की ट्रायल आदल्या रविवारीच झाली. नोटीस लागली होती म्हणे, ऑफिसच्या आतल्या बाजूला. मी काही फार मोठा बॅट्समन नव्हतो हे खरंय, पण तो आत लावलेला कागद अजून डोक्यातून जात नाही. हल्ली नोटीस व्हॉट्सॲपवर येते, तर तो ग्रुप कुठला हे माहीत असणं म्हणजे अर्धी ट्रायल पार पडल्यासारखंच आहे.

आणि गाव लहान म्हणून घाबरू नका. २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन होता विजय झोल, तुमच्या जालन्याचाच, त्याने त्याआधी कूचबिहारमध्ये आसामविरुद्ध नाबाद ४५१ काढले होते. २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला बेनोनीत साऊथ आफ्रिकेविरुद्ध आपले ३२ वर ४ गेले होते तेव्हा ९६ काढून मॅच ओढून आणली ती बीडच्या सचिन धसने. बोर्डाच्या बड्या अधिकाऱ्याने बीडला जाऊन त्याला शोधला नाही, घरच्यांनी आणि गावातल्या कोचने त्याला वर ढकलला, मग संघटनेने उचलला, मग बोर्डाने. क्रम असाच असतो.

अजून एक, कागदपत्रं. जन्मदाखला वेळेवर काढलेला, शाळेच्या दाखल्यावर तीच तारीख, आधारवरही तीच. अंडर-१६ च्या मुलांची आणि अंडर-१५ च्या मुलींची बोर्ड मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासतं. ‘एक वर्ष कमी लावू, सगळेच लावतात’ असा सल्ला देणारे भरपूर भेटतील. २०२० मध्ये बोर्डाने सांगून टाकलं की आपणहून कबूल केलं तर माफी, लपवून सापडला तर दोन वर्षं बंदी. १६ व्या वर्षी दोन वर्षं बाहेर बसलेला मुलगा परत येत नाही हो, त्याचे जोडीदार पुढे निघून गेलेले असतात.

लेगस्पिनर आहे तर मॅटिंगवरच (काथ्याच्या मॅटवर) अडकवून ठेवू नका, महिन्यातून दोनदा तरी टर्फ, म्हणजे माती-गवताचं पीच, मिळेल तिथे न्या, मॅटिंगवर सगळ्यांचेच बॉल फिरतात.

प्रश्न : वय ३१. खेळाडू व्हायचं राहिलं, आता अंपायर व्हायचं आहे. बोर्डाची परीक्षा अवघड असते का? – नाशिक

अवघड? २०२२ च्या जुलैत अहमदाबादला बोर्डाने परीक्षा घेतली, १४० जण बसले, पास झाले तीन. लेखी, तोंडी, व्हिडिओ आणि वर फिटनेस. एक प्रश्न असा होता की पीचवर पॅव्हेलियनची किंवा झाडाची सावली पडते म्हणून बॅट्समन तक्रार करतोय, काय कराल? आणि सावली फील्डरची असेल तर? (झाडाची आणि पॅव्हेलियनची सावली विचारात घ्यायची नाही. फील्डरला मात्र सांगायचं, बाबा हलू नकोस, हलला तर डेड बॉल.) नियम पाठ असून भागत नाही, मैदानात उभं राहून डोकं चालवावं लागतं.

सुरुवात राज्य संघटनेच्या परीक्षेपासून, बोर्ड नंतर. घरात बायको किंवा बहीण क्रिकेट बघत असेल तर तिलाही बसवा परीक्षेला, मी चेष्टा करत नाहीये. जानेवारी २०२३ मध्ये रणजीत पहिल्यांदा तीन बायका अंपायर म्हणून मैदानात उतरल्या, त्यातल्या वृंदा राठी नवी मुंबईच्या.

प्रश्न : महाराष्ट्र एक राज्य, मग रणजीत आपल्या तीन टीम का? बाकीच्या राज्यांवर हा अन्याय नाही का? – पुणे

अन्याय म्हटलं तर आहे, सोय म्हटलं तर आहे, आणि खरं सांगायचं तर हा सगळा इतिहासाचा पसारा आहे. रणजी सुरू झाली १९३४-३५ ला, महाराष्ट्र राज्य झालं १९६० ला. रणजी सुरू झाली तेव्हा मुंबई वेगळी खेळायची, पुण्याचा महाराष्ट्र वेगळा, आणि नागपूर होतं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. (मराठवाडा तर तेव्हा निजामाकडे.) राज्यांच्या सीमा बदलल्या, पण संघटनेची खुर्ची आणि मत आपणहून कोण सोडतंय? गुजरातचं पण तेच, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र, जुन्या संस्थानांच्या खुणा आहेत त्या.

२०१३ चं आयपीएल स्पॉट फिक्सिंग झालं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, बोर्डाचा कारभार सुधारायला कोर्टाने नेमलेली लोढा समिती आली आणि तिने सांगितलं, बोर्डात एक राज्य एक मत. जुलै २०१६ ला कोर्टाने ते मान्यही केलं, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर यांनी आळीपाळीने मत द्यायचं. तेव्हा ४१ वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला कायमचं मत नाही म्हणून इकडे केवढा गहजब झाला होता आठवतंय ना. मग ऑगस्ट २०१८ ला कोर्टानेच ते फिरवलं आणि तिघांनाही पूर्ण सभासदत्व परत दिलं.

माझं मत विचाराल तर मतांचं राजकारण एकीकडे, पण टीम तीन आहेत हे पोरांसाठी बरंच आहे. विदर्भाचं बघा. कित्येक वर्षं विदर्भाविरुद्धची मॅच म्हणजे समोरच्याला हक्काचे पॉइंट. त्यांनी नागपुरात ॲकॅडमीवर पैसा लावला, ज्युनियरच्या टीम नीट बांधल्या, चंद्रकांत पंडितसारखा कडक मास्तर आणला, वासिम जाफरला आणला, आणि २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिली रणजी घेतली, फायनलमध्ये रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्या वर्षी परत. २०२४-२५ ला तिसरी, त्या सीझनला हर्ष दुबेने एकट्याने ६९ विकेट काढल्या. पैसा बोर्डाकडून सगळ्याच संघटनांना जातो हो, नागपूरने त्याचं काय केलं ते दिसलं. तुम्ही पुण्याचे आहात म्हणून जास्त बोलत नाही, पण पुण्याच्या महाराष्ट्राने रणजी शेवटची जिंकली ती १९४०-४१ ला, प्रोफेसर देवधर कॅप्टन असताना.

आणि अन्याय बघायचाच असेल तर बिहार बघा. राज्याचे दोन तुकडे झाले, बोर्डाने मान्यता झारखंडला दिली आणि बिहार बाहेर. म्हणजे एवढ्या मोठ्या राज्यातल्या पोराला रणजी खेळायची तर दुसऱ्या राज्यात जायचं, पाटण्याचा ईशान किशन झारखंडकडून खेळला तो यामुळेच. २०१८-१९ ला कोर्टाच्या दट्ट्याने ईशान्येची राज्यं, उत्तराखंड, पुदुच्चेरी आणि बिहार अशा नऊ टीम एकदम आत आल्या, तेव्हा बरेच जाणकार नाकं मुरडत होते की दर्जा घसरेल. थोडा घसरलाही, स्कोअरकार्ड बघून हसू यायचं. पण जानेवारी २०२४ ला पाटण्यात मुंबईविरुद्ध बिहारकडून एक १२ वर्षांचा मुलगा रणजी खेळला, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये त्याच वैभव सूर्यवंशीने ३५ बॉलमध्ये शंभर मारले. त्याच्या आधीच्या पंधरा वर्षांत तिथे असे किती होते आणि कुठे गेले, याचा हिशोब बोर्डाला कुणी विचारला नाही.

प्रश्न : बीसीसीआय सरकारी आहे की खाजगी? माहिती अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर मिळेल का? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, सरकारी नाही. तमिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे, आपल्याकडे एखादी शिक्षण संस्था असते तशी, फक्त तिजोरी मोठी. सरकारकडून अनुदान घेत नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बोर्ड हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, पण काम सार्वजनिक स्वरूपाचं करतं, त्यामुळे हायकोर्टात रिट टाकता येते. २०१८ ला माहिती आयोगाने सांगितलं की बोर्ड माहिती अधिकारात येतं, बोर्ड मानलं नाही. मग २०२५ ला संसदेने क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा केला, त्यात बोर्डही येतं, कारण २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला क्रिकेट आहे (तो निर्णय मुंबईतच झाला, ऑक्टोबर २०२३ ला). पण माहिती अधिकार लावला फक्त सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांना, म्हणजे बोर्ड परत सुटलं.

माझं म्हणणं साधं आहे. भारत हे नाव लावून टीम उतरवता, पोलीस बंदोबस्त आमचा, तर हिशोब विचारायचा हक्कही आमचा हवा. कायदा तसं म्हणत नाही, काय करणार.

प्रश्न : आयपीएलने क्रिकेट मारलं. आम्ही वानखेडेवर रणजी बघायला डबा घेऊन जायचो. आता बोर्डाला फक्त पैसा कळतो. तुम्हाला पटतं की नाही? – दादर

काका, निम्मं पटतं.

आधी न पटणारं सांगतो. १९८३ ला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बोर्डाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकाला एक लाख मिळाले. अध्यक्ष होते नागपूरचे साळवे. तेव्हा मॅच टीव्हीवर दाखवायची तर उलट दूरदर्शनच बोर्डाकडे पैसे मागायचं! १९९३ ला बोर्डाने हक्क बाहेर विकायला सुरुवात केली, भांडण कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आकाशातल्या लहरी सरकारची मक्तेदारी नाही, त्या लोकांच्या आहेत (त्या बेंचवर आपले पी. बी. सावंत होते). तिथून पैशाचा नळ सुटला तो थांबलाच नाही, आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे मीडिया हक्क गेले ४८,३९० कोटींना. या पैशातूनच जिल्ह्याच्या गावात फ्लडलाइट आले, पोरांचा फिजिओ आला, आणि जुन्या रणजी खेळाडूंना पेन्शन मिळतं, २०२२ ला सगळ्यात खालच्या टप्प्याचं १५ हजारांवरून ३० हजार झालं. तुमच्या डब्याच्या काळातले हिरो रिटायर झाल्यावर बँकेच्या नोकरीवर जगले काका, ते दिवस गोड होते पण ते आपल्याला, त्यांना नाही.

आता पटणारं. ४० पेक्षा जास्त मॅच खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ६० हजार मिळतात, चार दिवसांचे २ लाख ४० हजार, साखळीच्या सात मॅच धरल्या तर सगळे मिळून १६ लाख ८० हजार. आणि २०२५ च्या आयपीएल लिलावात सगळ्यात खालची बोली होती ३० लाख, एकही मॅच न खेळता डगआऊटमध्ये बाटल्या नेल्या तरी. मग पोरगं काय शिकेल, चार दिवस उभं राहायला की २० बॉलमध्ये ४० मारायला? बोर्डालाही हे कळतंय, म्हणून तर कसोटीवाल्यांना सीझनच्या ७५ टक्के मॅच खेळल्या तर मॅचमागे वरचे ४५ लाख द्यायला लागले. २०२४ ला श्रेयस अय्यर आणि ईशान किशनचे बोर्डाचे वार्षिक करार काढून घेतले, आणि जानेवारी २०२५ ला रोहित शर्माला बीकेसीवर रणजी खेळायला लावलं. गर्दी केवढी झाली! आणि मॅच जिंकली जम्मू-काश्मीरने, मुंबईला मुंबईत हरवून.

एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. २०२० ला कोविडमध्ये आयपीएल उचलून यूएईला नेली, बबल केले, चाचण्या केल्या, सगळं जमवलं. आणि २०२०-२१ ची रणजी झालीच नाही, १९३४ पासून पहिल्यांदा. दुसऱ्या महायुद्धात झाली होती! नंतर खेळाडूंना अर्धी फी भरपाई म्हणून दिली, तीही बऱ्याच महिन्यांनी. त्यावर्षी कळलं की बोर्डाच्या घरात पहिलं ताट कुणाचं वाढलं जातं.

प्रश्न : मी अकरावीत आहे, क्रिकेट खेळते. वर्ल्ड कप जिंकल्यापासून घरचे पण खूश आहेत. पण कोच म्हणतात बोर्डाने बायकांसाठी आत्ता आत्ता केलं, आधी काहीच नव्हतं. खरं का? – सांगली

तुझे कोच बरोबर बोलतायत, आणि तू सांगलीची आहेस म्हणजे स्मृती मानधना ज्या रस्त्यांवरून प्रॅक्टिसला जायची तिथूनच जात असशील, मस्त.

गोष्ट अशी की बोर्डाने बायकांचं क्रिकेट सुरू केलंच नाही. ते सुरू केलं एका वेगळ्याच संघटनेने, १९७३ ला, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली पुण्यात, टीम किती तर तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ ला पहिली कसोटी, शांता रंगास्वामी कॅप्टन. पुढची तीस वर्षं या बायका स्वतःच्या पैशाने, रेल्वेच्या साध्या डब्यातून, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपून खेळल्या, डायना एदलजींच्या मुलाखती बघ कधीतरी. २००५ ला वर्ल्ड कपची फायनल गाठली तीसुद्धा बोर्डाच्या मदतीशिवाय. बोर्डाने ताबा घेतला २००६ ला, तोही आयसीसीने, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेने, सांगितलं म्हणून.

ताबा घेतल्यावर सगळं सुधारलं असंही नाही. चांगली मैदानं मिळाली, विमानाची तिकिटं मिळाली, पण नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ आपल्या बायका एकही कसोटी खेळल्या नाहीत. साडेसहा वर्षं! २०१७ ला लॉर्ड्सवर फायनल नऊ रनांनी हरलो, ती मॅच देशाने बघितली, आणि मला विचारशील तर बोर्डाला बायकांचं क्रिकेट त्या दिवशी दिसलं. ऑक्टोबर २०२२ ला मॅच फी पुरुषांएवढी केली, कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. २०२३ ला डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, आली, पाच टीम ४,६६९ कोटी ९९ लाखांना विकल्या. दोन वेळा अंडर-१९ चा वर्ल्ड कप आला. आणि मग २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, मोठा वर्ल्ड कप, ते तुला सांगायला नको. कोच कोण होता बघ, अमोल मुजुमदार, रणजीत रनांचा डोंगर उभा केला पण भारताकडून एकदाही खेळला नाही. देशी क्रिकेटने घडवलेला माणूसच शेवटी कामाला आला.

फी सारखी झाली म्हणजे सगळं सारखं झालं असं मात्र समजू नकोस. २०२४-२५ च्या वार्षिक करारात बायकांची सगळ्यात वरची ग्रेड ५० लाखांची, पुरुषांची ७ कोटींची. बायकांच्या देशी क्रिकेटची फी दिवसाला २० हजार होती, ती ५० हजार झाली वर्ल्ड कप जिंकल्यावर, डिसेंबर २०२५ ला. म्हणजे आधी जिंकून दाखवा मग देतो. उलटं असायला हवं होतं.

तू मात्र अकरावीत आहेस तर अंडर-१९ ची ट्रायल चुकवू नकोस. आणि घरचे आत्ता खूश आहेत तोवर चांगली बॅट मागून घे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे मुलं शनिवार-रविवार क्रिकेट खेळतात. बीसीसीआयला शिव्या देणाऱ्यांना सांगा की इकडचं बघा! – न्यू जर्सी

सांगतो सांगतो. अमेरिकेची जुनी संघटना आयसीसीने २०१७ ला काढून टाकली, नवीन आली तिला २०१९ ला मान्यता दिली, आणि सप्टेंबर २०२५ ला तिलाही निलंबित केलं, कारभार नीट नाही म्हणून. मधल्या काळात २०२४ च्या वर्ल्ड कपला डलासमध्ये पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, आठवडाभर इंजिनियरची नोकरी करणाऱ्या माणसाने. प्रेक्षक आहेत, पैसे लावणारे आहेत, लीग आहे, ऑलिम्पिक दारात आहे, आणि घर सांभाळणारं कुणी नाही. पण एक बघा, नेत्रावळकर शिकला कुठे? मुंबईच्या मैदानांत, मुंबईकडून रणजी, भारताकडून अंडर-१९ वर्ल्ड कप. इकडे जागा पुरली नाही म्हणून तिकडे गेला. शिव्या पडतात तरी कच्चा माल इकडूनच जातो.

तुमच्या मुलांच्या लीगमध्ये कुणी अंपायरिंगला तयार नसेल तर वरचं नाशिकचं पत्र वाचायला द्या.

प्रश्न : आमच्या गावच्या मैदानावर रविवारी बाजार भरतो. बोर्ड आम्हाला पीच बनवून देईल का? आम्ही १४ पोरं आहोत. – गाव, जिल्हा धाराशिव

मित्रांनो, बोर्ड थेट गावाला काही देत नाही, ते संघटनेला देतं, संघटना जिल्ह्याला, आणि जिल्ह्यापासून तुमच्या गावापर्यंत यायला काय काय लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी अर्ज जिल्हा संघटनेला द्या, पोच घ्या, तारीख टाकून. दुसरा अर्ज ग्रामपंचायतीला, की बाजाराची जागा एका कडेला सरकवा आणि मधली पट्टी सोडा. टर्फचं स्वप्न सध्या राहू द्या, त्याला रोलर लागतो, पाणी लागतं, माळी लागतो. सिमेंटची पट्टी आणि वर काथ्याची मॅट, १४ जणांनी आणि गावातल्या दोन दुकानदारांनी मनावर घेतलं तर होऊन जातं. पट्टी २२ यार्डांपेक्षा दोन्हीकडे थोडी लांब घ्या, नाहीतर बॉलरचा पाय नेमका सिमेंटच्या कडेवर पडतो आणि घोटा जातो. आणि मॅट शनिवारी संध्याकाळी गुंडाळून कुणाच्या तरी घरी ठेवा, रविवारी तिच्यावर कांदे ओतले तर सोमवारी बॉल कुठे जाईल सांगता येणार नाही.